आठवीतली पाल

ओल्या कागदाची गुंडाळी उलगडून देवानंद सरकीचे कोंब मोजत होता. त्रेसष्टाव्या कोंबाशी आला तेव्हा खिशातला फोन दोनदा थरथरला. मोजणी चुकू नये म्हणून त्यानं आधी शंभर पुरे केले. नव्वद चांगले, चार वाकडे, सहा कुजलेले. कुजलेला दाणा चिमटीत धरला की आतून पांढरट चिकट काहीतरी बाहेर येई आणि त्याचा वास साबणानं दोनदा हात धुतले तरी नखांत राही. नवीन जालन्यातल्या बियाण्याच्या कंपनीत, तपासणीच्या या दमट खोलीत त्याला सहावं वर्ष लागलं होतं आणि त्या वासाची त्याला सवय झाली होती, निदान त्याची तशी समजूत होती. हात पुसून त्यानं फोन पाहिला. ‘दहावी बॅच २०१२’ या ग्रुपवर प्रेमनं लिहिलं होतं, रविवारी स्नेहमेळावा, भोकरदन, सगळ्यांनी यायचंच, आणि देवा, तू आला न्हाईस तर मजा न्हाई. त्याच्याखाली एका हिरव्या पालीचं चित्र टाकलं होतं, डोळे फिरवणाऱ्या, जीभ बाहेर काढणाऱ्या. त्या पालीखाली एकामागून एक हसरे चेहरे उगवत होते. बारा, सतरा, तेवीस. देवानंदच्या तोंडात पाणी सुटलं. भूक लागल्यावर सुटतं ते नव्हे, ओकारीच्या आधी जिभेच्या मुळाशी सुटतं ते. तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि गिळत राहिला.

म्हणजे ते विसरले नव्हते. त्याला वाटायचं की विसरले असतील. इतकी वर्षं त्यानं स्वतःला हेच सांगितलं होतं, की पोरांच्या लक्षात काय राहतं, पोरं एका पावसाळ्यात सगळं विसरतात. तो स्वतः मात्र एक दिवसही विसरला नव्हता, कारण त्याला विसरू न देणारं माणूस त्याच्याच घरात राहत होतं. त्याची आई, कौसल्या, भात वाढण्याआधी पातेल्यावरचं झाकण काढायची, मोबाईलची बॅटरी लावायची आणि आत वाकून बघायची. डाळीतही, दुधातही. उलथण्यानं खालीवर करून पुन्हा बघायची आणि मगच ताटात वाढायची. पाहुणा आला तर तिला ते चोरून करावं लागे, मग ती पातेलं घेऊन मोरीकडं जाई. चौदा एप्रिलला वस्तीतल्या बाया जेवणाचा मोठा बेत करायच्या, कौसल्येला बोलवायच्या. ती जायची, ढीगभर कांदे चिरून द्यायची, पण चुलीवर पातेलं चढलं की लांब जाऊन बसायची. “मह्या हाताला दोष हाय,” म्हणायची. हे सगळं देवानंद समोर बसून बघायचा, आणि बॅटरी बंद झाली की जेवायचा.

भोकरदनच्या शाळेत आठवीत असताना त्याचे वडील सर्जेराव वारले, आणि बचत गटातल्या बायांनी लावून धरल्यामुळं कौसल्येला शाळेत खिचडी शिजवायचं काम मिळालं. शाळेच्या मागं पत्र्याची शेड, दोन चुली, एक मोठं पातेलं. पहिल्या दिवशी ती इतकी लवकर गेली की शिपायानं फाटकही उघडलं नव्हतं. देवानंदला त्या सकाळची तिची साडी आठवते, धुऊन धुऊन विटलेली अबोली, आणि डोक्याला तेल लावून घट्ट बांधलेला अंबाडा, जणू तीच शाळेत जाणार होती. पहिले दोन दिवस सगळे जेवले. तिसऱ्या दिवशी कुणाचं तरी पोट भरलेलं होतं. मग कुणाला उपास लागला, कुणाच्या डॉक्टरनं खिचडी बंद केली, कुणी डबा आणायला लागलं. तोंडानं कुणी काहीच म्हणत नव्हतं. फक्त रांग आखूड होत गेली. आदल्या वर्षी गिरिजाबाईंच्या हातची पाणचट खिचडी दोनदा मागून खाणारी तीच पोरं आता वऱ्हांड्याच्या दुसऱ्या टोकाला बसून डबे उघडायची. शेवटी वस्तीतली आठ-नऊ पोरं आणि देवानंद एवढेच उरले. कौसल्या मात्र रोज तेवढीच खिचडी शिजवायची. संध्याकाळी उरलेली खिचडी गुरांना घालताना तिच्या तोंडाकडं बघवत नसे. “मीठ जास्त पडून राह्यलं का रे?” ती घरी आल्यावर देवानंदला विचारायची. “तिखट लागत असंल का पोरायला?” तो न्हाई म्हणायचा. त्याला कारण माहीत होतं. तेरा वर्षांच्या पोराला ते कुणी सांगावं लागत नाही.

पण रांगेत बसून तिच्या हातून ताट घेताना त्याला आईची दया यायची असं नव्हतं. लाज वाटायची. ही गोष्ट तो आजवर कुणापाशी बोलला नव्हता, स्वतःपाशीही फार नाही. वऱ्हांड्याच्या त्या टोकाला प्रेमची टोळी बसायची, तिथं हसणं चालायचं, लोणच्याचा वास यायचा, वर्गातल्या पलकच्या डब्यात रोज वेगळं काही असायचं, आणि देवानंदला तिथं बसायचं होतं. बस, एवढंच. एका दुपारी हापशाच्या मागं प्रेमनं त्याच्या खांद्यावर हात टाकला. प्रेमचा हात त्याच्या खांद्यावर पहिल्यांदाच पडला होता आणि तो त्याला गरम, जड आणि फार छान वाटला. “देवा, तुला टीममधी घेऊ आपण. ओपनिंग देतो,” प्रेम म्हणाला. “फक्त एक काम कर. खिचडीत पाल निघाली म्हन. आम्ही म्हनलो तर सर ऐकणार न्हाईत, उलट आम्हालाच बोलतील. तू म्हनला तर कोन शक घेईल? तुहीच माय हाय.”

दुसऱ्या दिवशी त्यानं ताट घेतलं, दोन घास खाल्ले आणि उभा राहून ओरडला. पाल, पाल! त्याला वाटलं होतं की एवढंच करायचं आहे. पण ओरडल्याबरोबर त्याला ती खरंच दिसली. फुगलेली, शिजून पांढरी पडलेली, शेपटी तुटलेली. नसलेली पाल त्याच्या घशात अडकली आणि तो भडभडा ओकला. त्याचं बघून शेजारचा ओकला, मग दोन पोरी. कौसल्या शेडमधून धावत आली. तिनं पहिल्यांदा काय केलं तर पदरानं त्याचं तोंड पुसलं. तो पुन्हा ओकला तो त्याच पदरावर. “दिसली का तुला? कुठं दिसली?” ती विचारत होती, आणि तो म्हणाला, “दिसली. मह्या ताटात होती. तिकडं फेकली.” मग ती पातेल्याकडं पळाली आणि त्या वाफाळत्या खिचडीत दोन्ही हात कोपरापर्यंत घालून पाल शोधू लागली. बायांनी तिला ओढून काढलं तेव्हा हातांवर पिवळी खिचडी चिकटलेली होती आणि पुसायला गेल्यावर तिच्याबरोबर कातडंही निघालं. पोरांना सरकारी दवाखान्यात नेलं, संध्याकाळी सोडून दिलं, कुणालाच काही झालं नव्हतं. मुख्याध्यापकांनी, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, कौसल्येला बोलावून सांगितलं की पाल सापडली नाही म्हणजे ती शिजून विरघळली असणार. तिला ते पटलं. मुलानं डोळ्यांनी पाहिलेली होती. गिरिजाबाई परत आल्या, रांग पुन्हा लांब झाली, आणि देवानंद दहावीपर्यंत ओपनिंगला खेळला.

रविवारी तो मोटरसायकलवर भोकरदनला गेला. का गेला, हे त्याला सांगता आलं नसतं. न जाणं म्हणजे त्या पालीला घाबरणं, असं काहीतरी वाटेतलं राजूर मागं पडेपर्यंत तो मनाशी घोळवत होता. मांडव घातलेल्या लॉनच्या दारातच एकानं त्याच्या डोक्यावर भगवा तयार फेटा चढवला. तो आधी दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर बसून आलेला होता, आतून ओला आणि कोमट. शाळेची घंटा कुठूनतरी मिळवली होती, ती बडवत होते. अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांची, पोटं सुटलेली, केस मागं सरकलेली माणसं रांगेत उभी राहून प्रार्थना म्हणत होती आणि डोक्यावर ड्रोन घरघरत होता. हजेरी झाली. “हजर सर!” म्हणताना प्रत्येकजण लहान पोरासारखा आवाज काढत होता, आणि देवानंदला वाटलं की यापेक्षा किळसवाणं आपण काही ऐकलेलं नाही. त्याचं नाव आलं तेव्हा त्यानंही तसाच आवाज काढला. तो आपोआप निघाला. प्रेम आता शेतीच्या औषधांचं दुकान चालवत होता, प्लॉट घेत-विकत होता. माईक त्याच्याच हातात होता आणि तो हातात शोभतही होता. मोठ्या सरांना शाल, श्रीफळ, गुलाबपाकळ्या. त्यांचे पाय धरायला रांग लागली. सर थकले होते, ओठांच्या कोपऱ्यात पांढरं साचत होतं आणि ते जिभेनं पुन्हा पुन्हा आत घेत होते. जेवणात पुऱ्या, बासुंदी, वांग्याची भाजी. बासुंदीवर साय धरली होती आणि लोक ती बोटानं उचलून तोंडात टाकत होते.

जेवणानंतर ‘आठवणींचा तास’ होता. कुणी कुणाची वही चोरली, कोण कुणाकडं बघायचं, कुणाला किती छड्या बसल्या. छड्या खाल्लेलेच त्या सांगून जास्त हसत होते. मग प्रेमनं डोळा मारला. “आता आपल्या बॅचची सगळ्यात भारी आठवन. देवा, उभा राह्य. पाल!” आणि सगळा मांडव एका आवाजात ओरडला, पाल! जणू तोही प्रार्थनेचाच भाग होता. प्रेम हसत हसत सांगत गेला. हापसा, ठरलेलं काम, देवाची ॲक्टिंग. “मी नुसतं म्हन म्हनलो होतो, हा गडी तर ओकलाच! ओरिजनल!” माणसं एकमेकांच्या अंगावर पडून हसली. पलक पुढच्या रांगेत होती, मांडीवर झोपलेलं मूल होतं, ते उठू नये म्हणून ती आवाज दाबून हसत होती. “आम्हा मुलींना पण माहीत होतं,” ती म्हणाली, “त्याच दिवशी समजलं होतं.” देवानंद एकेकाचा चेहरा बघत होता. त्याला वाटलं होतं की हे प्रेमचं आणि आपलं गुपित आहे. इथं तर सगळा वर्गच्या वर्ग तेव्हापासून ते चघळत होता. आणि मग मोठ्या सरांनी हात वर केला. सगळे गप्प झाले. सर डोळे पुसत होते, हसून पाणी आलं होतं. “मलाही तेव्हाच शंका आली होती बरं का,” ते म्हणाले. “पण काय आहे, पालक रोज येऊन बसायचे. शाळा चालवायची होती. तुम्ही पोरं शहाणी निघालात. कुणाचंही मन न दुखवता प्रश्न सुटला.”

कुणाचंही मन न दुखवता. देवानंद उठला, पुढं गेला आणि त्यानं प्रेमच्या हातातून माईक घेतला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. “माझ्या आईचे दोन्ही हात भाजले होते,” तो म्हणाला. “तुमच्यापैकी कुणी तिच्या हातचं खात नव्हतं. मीठ जास्त होतं म्हणून नाही. का खात नव्हता ते तुम्हाला माहीत आहे आणि मलाही माहीत आहे. आणि मला तुमच्यात बसायचं होतं म्हणून मी खोटं बोललो. पाल नव्हती. तिला अजून वाटतं की होती.” कुठंतरी ताटावर चमचा पडला. त्याला वाटलं की आता कुणी उठून जाईल, कुणी अंगावर येईल, काहीतरी फुटेल. मग मागून एकानं टाळी वाजवली. दुसऱ्यानं. मग सगळ्यांनी, उभं राहून. प्रेमनं त्याला मिठीत घेतलं, त्याच्या अंगाला घामाचा आणि अत्तराचा एकत्र वास येत होता. “याला म्हनते काळीज!” तो माईकवर ओरडला. “अशी बॅच पुन्हा होणे नाही!” पलक डोळे टिपत आली आणि म्हणाली, किती मोठं मन आहे तुझं. सरांनी खुर्चीतूनच आशीर्वादाचा हात केला. कुणीतरी त्याच्या हातात काचेचं स्मृतिचिन्ह दिलं आणि त्या सगळ्यांच्या मधोमध त्याला उभं करून फोटो काढला. आणि यातली सगळ्यात घाण गोष्ट ही की टाळ्या ऐकून त्याला बरं वाटलं. छातीत काहीतरी गोड, कोमट पसरत गेलं, अगदी तसंच, जसं हापशामागं खांद्यावर हात पडला तेव्हा पसरलं होतं. ते ओळखल्यावर तो मांडवाच्या मागं गेला, खरकट्या ताटांच्या ढिगाशेजारी वाकला, पण ओकारी आली नाही. खोट्या पालीसाठी आली होती. आज घशात दोन बोटं घालूनही काही बाहेर पडलं नाही.

घरी पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. कौसल्या उंबऱ्याशी बसून तांदूळ निवडत होती. तो गाडी लावून तिच्यासमोर खालीच बसला.

“माय, ती पाल न्हवती.”

“कोन्ती?”

“शाळेतली. खिचडीतली.”

तिचे हात थांबले. “न्हवती?”

“न्हवती.”

“बिलकुल न्हवती?”

“बिलकुल.”

तिचा चेहरा त्यानं असा कधी पाहिला नव्हता. आधी कपाळ सैल झालं, मग गाल, मग तोंड उघडलं आणि ती हसली, एखाद्या पोरीसारखी, दात दाखवून. “मी म्हनत होते! झाकण होतं रे वर. मी तुह्या केशरमावशीला तव्हाच म्हनले होते, बाई, झाकण होतं. तांदूळ मी तीनदा निवडले होते त्या दिवशी.” ती सूप बाजूला ठेवून उठली, आत गेली, बाहेर आली, काय करावं ते तिला सुचत नव्हतं. स्वतःचे हात तिनं पालथे-उताणे करून पाहिले. “मह्या हाताला काही न्हवतं मंग. पंधरा वर्षं मी... मंग कोन म्हनलं की...”

आणि ती थांबली. कारण पाल दिसली असं तिला एकाच तोंडानं सांगितलं होतं.

“तुला दिसली म्हनला तू.”

“दिसली न्हवती.”

“ओकला होतास. मह्या पदरावर ओकला होतास.”

तो मान खाली घालून हापशाचं, प्रेमचं, टीमचं सांगत गेला. तिनं मधेच तोडलं. “किती वर्साचा होतास तव्हा?”

“तेरा.”

“तेराव्या वर्साचं सोडून दिलं मी,” ती म्हणाली. “लेकरू होतं. मंग चौदा झालास. पंधरा झालास. नोकरीला लागलास. रोज मी पातेल्यात बॅटरी मारून राह्यले अन् तू समोर बसून जेवून राह्यला. हे कोन्त्या वर्साचं हाय, देवा?”

त्याच्याजवळ जे होतं तेच त्यानं पुढं केलं. “आज मी सगळ्यायसमोर सांगितलं, माय. माईकवर. सर होते, सगळे होते.”

“मंग?”

“टाळ्या वाजवल्या त्यायनं.”

तिनं त्याच्याकडं पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर त्याला सोसलं असतं. “कोनासाठी?” तिनं विचारलं. “टाळ्या कोनासाठी वाजवल्या?”

त्या रात्री तिनं स्वयंपाक केला, झाकण काढलं आणि न बघता वाढलं. तो जेवला. ती जेवली नाही. सकाळी तो उठला तेव्हा ती अंघोळ करून, इस्त्रीची साडी नेसून, पिशवी भरून बसली होती. केशरकडं जाते म्हणाली, बहिणीकडं, भोकरदनला. मग थोड्या वेळानं म्हणाली, “गटातल्या बायायला सांगायचंय. गिरिजाबाईला सांगायचंय. ज्या ज्या घरी मी तव्हा माफी मागायला गेल्ते, त्या एकूणएक घरी जायचंय.” ती माफी मागायला घरोघर गेली होती, हे देवानंदला आजच कळत होतं. भाजलेले हात फडक्यात गुंडाळून, तो मैदानावर असताना.

“मी पन येतो,” तो म्हणाला. “मह्या तोंडानं सांगतो सगळ्यायला. सुट्टी टाकतो आज.” रिक्षात ती एका कडेला बसली, पिशवी मधे ठेवून. स्टँडवर गाडी लागलेलीच होती. ती पुढं चढली, तो तिच्या मागं. खिडकीशी एक म्हातारी बाई बसली होती, कौसल्या तिच्या शेजारी टेकली. देवानंद दांडी धरून उभा राहिला. तिच्या हाताजवळच त्याचा हात होता, तिनं आपला हात थोडा सरकवून घेतला, रांगेत परक्याचा धक्का लागू नये म्हणून सरकवतात तसा. कंडक्टर आला.

“भोकरदन, एक फुल, एक हाफ,” देवानंदनं पाकीट काढलं.

“एकच हाफ द्या,” कौसल्या कंडक्टरला म्हणाली. तिनं कमरेची चंची सोडली. “हा उतरून राह्यला.”

कंडक्टरनं दोघांकडं पाहिलं आणि बोटानं दाराची खूण केली. देवानंद उतरला. तो खिडकीखाली जाऊन उभा राहिला, आई पाहील म्हणून. तिनं पाहिलं नाही. ती शेजारच्या बाईकडं वळून काहीतरी सांगायला लागली होती, दोन्ही हात तिच्यापुढं धरून, हळूहळू, सुरुवातीपासून. गाडी सुरू झाली, मागं सरली, वळली. त्या अनोळखी म्हातारीनं मान वळवून खिडकीतून त्याच्याकडं पाहिलं, नीट, खालपासून वरपर्यंत, आणि गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत ती बघत राहिली.